तिसऱ्या टाकीचा तळ

तेलाच्या कारखान्याच्या मालकीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या तेव्हा वहिनी चष्म्याच्या काडीचा स्क्रू पिळत बसल्या होत्या. तो खाली पडला तर पटकन सापडावा म्हणून भाऊजी आधीच जमिनीवर वाकून बसले होते. परक्या बाईसमोर रांगत उठावं लागल्याने भाऊजी कानकोंडे झाले. तसे ते दिवसातून एकदा तरी होतच.

वहिनी म्हणजे त्यांच्या दिवंगत थोरल्या भावाची पत्नी. उमेदीची सारी वर्षं त्यांनी विमा कंपनीसाठी मोडकी यंत्रं तपासण्यात घालवली होती, आणि आता त्या लोकांसाठी खासगी तपास करत. भाऊजी निवृत्त ग्रंथपाल. सोबत जायचं, ऐकलेलं लक्षात ठेवायचं आणि, वहिनींच्या शब्दांत, चुकीच्या माणसावर वेळेवर संशय घ्यायचा, एवढं त्यांचं काम.

पाहुण्या बाईंना सगळे आत्याबाई म्हणत. खुर्चीला पाठ न टेकता बसून त्यांनी हकीकत सांगितली. कारखान्यात तेलातला गाळ काढणारं नवं मशीन घ्यायचं चाललं होतं. दोन कंपन्यांची मशीनं चाचणीसाठी आणून ठेवली होती. त्यातलं एक गेल्या आठवड्यात सुरू करताच जागेवरून उसळलं आणि कारखान्याचे इंजिनियर त्याच्याखाली सापडून दगावले. मशीन चालवत होता आत्याबाईंचा जावई. त्याने पोलिसांना स्वतःच सांगून टाकलं की बंद केलेलं मशीन पुन्हा सुरू करण्याआधी आतून धुवायचं असतं, ते तो विसरला.

"कबूल केलंय म्हणता. मग माझ्याकडे कशाला आलात?" वहिनींनी विचारलं.

"तो विसरणाऱ्यांतला नाही, बाई. माझ्या गोळीची वेळ मी विसरते, तो विसरत नाही. कुणीतरी त्या मशीनला हात लावलाय आणि हा भोळा सगळं अंगावर घेतोय." त्यांनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. "तो तुरुंगात गेला तर माझी लेक आणि नात उघड्यावर पडतील. एक मूल आधीच गमावलंय मी. दुसऱ्याचं घर तरी राहू दे."

गमावलेलं मूल म्हणजे धाकटा मुलगा. कारखाना त्याने चालवावा असं ठरलं होतं. पण कसलीशी बोलाचाली झाली आणि बोटीवर नोकरी धरतो म्हणून तो निघून गेला. जावयानेच त्याला स्टेशनवर सोडलं आणि हा निरोप घरी आणला. त्यानंतर वर्षं गेली, चार ओळी नाहीत. आत्याबाई त्याची गादी अजून उन्हात घालत. लहानपणी तो जिन्यावरून पडला होता आणि मांडीचं हाड डॉक्टरांनी आत पट्टी बसवून जोडून दिलं होतं. थंडीत तो पाय दुखायचा, कठड्याला धरल्याशिवाय जिना उतरता यायचा नाही.

"बोटीवर कोण धरत असेल त्याला," आत्याबाई म्हणाल्या. मग आपण भलतंच बोललो असं वाटून त्यांनी जीभ चावली.

वहिनींनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "मी बघते. पण जे दिसेल ते सगळं सांगेन. निम्म्यावर आलं की थांबा म्हणायचं नाही."

"नाही म्हणणार."

भाऊजींना उगाचच वाटलं, या बाईंनी घाई केली.

*

कारखाना गावाबाहेर होता. फाटकातून आत शिरताच तेलाचा उबट, जुनाट वास अंगाला चिकटला. समोर आत्याबाईंचं घर, वरच्या गॅलरीत फाटकाकडे तोंड करून ठेवलेली त्यांची खुर्ची, आणि घराच्या पाठीमागे एका ओळीत तीन उंच, काळपट टाक्या. घाण्यातून आलेलं तेल यांत निवळत ठेवायचं, गाळ खाली बसला की वरचं काढून घ्यायचं, अशी तिथली जुनी रीत. पहिल्या दोन टाक्यांच्या शिड्या येण्याजाण्याने गुळगुळीत झाल्या होत्या. तिसरीच्या शिडीवर धूळ होती.

वहिनी तीच शिडी चढल्या. भाऊजींनी खालून शिडी धरली, खरं म्हणजे स्वतःला आधार म्हणून. टाकीला झाकण होतं, वेल्डिंग केलेल्या बिजागरीचं. वहिनींनी त्याच्या कडेने सगळीकडे बोट फिरवलं, कडी काढली, आत डोकावून पुन्हा लावली.

"काय आहे आत?"

"तेल. काळंभोर." त्या उतरल्या. "आणि झाकणाला नुसती कडी."

टाकीच्या बुडाशी एक झडप होती. तिला जाड रबरी नळी जोडलेली होती आणि ती जमिनीवरून थेट मशीनच्या छपराखाली जात होती.

छपराखाली मोडलेलं मशीन होतं. लांबट, आडवं, बैलगाडीएवढं. लोखंडी चौकटीतून निखळून ते भिंतीला तिरकं टेकलं होतं. त्याचं वरचं जाड आवरण उडून शेजारच्या बटणांच्या खांबावर आदळलं होतं. खांब जमिनीपाशी वाकला होता आणि बटणांच्या पेटीचा पार चुरा झाला होता. फरशीवर कुणीतरी लाकडाचा भुसा टाकला होता. भाऊजींनी त्या भुशाकडे एकदा पाहिलं आणि मग पाहिलं नाही.

कोपऱ्यात दुसरं मशीन होतं. उभं, लहान, घंटेसारखं. त्याला काहीही झालेलं नव्हतं, आणि भाऊजींना तेच संशयास्पद वाटलं.

आडव्या मशीनच्या कंपनीचा मिस्त्री तिथेच बसून होता. चाचणीसाठी तोच मशीन घेऊन आला होता आणि आता कंपनीचा माणूस येईपर्यंत त्याला हलता येत नव्हतं. हाताला काम नसल्याने तो एक स्वच्छ पाना पुन्हा पुन्हा पुसत होता. वहिनींनी त्याला सांगितलं की भाऊजींना या गोष्टींतलं काही कळत नाही, तर त्यांना कळेल असं सांग.

"बादली गरागरा फिरवली की जड असेल ते तळाला चिकटतं ना?" मिस्त्री म्हणाला. "तसंच. हे आडवं पिंप फिरतं. गाळ जड, तो पिंपाच्या भिंतीला जातो. तेल हलकं, ते आत राहतं आणि या टोकाने वाहतं. आता भिंतीवरचा गाळ काढायचा कसा? तर पिंपाच्या पोटात एक मळसूत्री फिरकी आहे. ती पिंपाबरोबरच फिरते, पण किंचित वेगळ्या गतीने. म्हणून ती गाळाला हळूहळू ढकलत त्या टोकाने बाहेर टाकते. मशीन थांबवायची गरज नाही. कितीही घाण तेल द्या, टाकीच्या बुडाचं द्या, खात राहतं."

"आणि धुवायचं?"

"बंद करताना, नाहीतर बंद केल्याबरोबर. गरम तेल सोडून आतला गाळ काढून टाकायचा. नाही काढला तर पिंप थांबल्यावर तो खालच्या अंगाला साचतो आणि थंड झाला की मेणासारखा घट्ट बसतो. मग परत सुरू केलं की एका बाजूला वजन. एवढ्या वेगात मूठभर वजन म्हणजे काय, बघताय ना तुम्ही."

"थरथर वाढली की मशीनने आपोआप बंद पडायचं असतं," वहिनी म्हणाल्या.

मिस्त्रीने पाना खाली ठेवला. "पडतं. सकाळी ढकलगाडीचा नुसता धक्का लागला तर बंद पडलं होतं. तेव्हा नंतर का नाही पडलं, तेच मला समजत नाही."

वहिनी चौकटीपाशी गुडघ्यावर बसल्या. थरथर ओळखणारी छोटी डबी अजून जागेवर होती. तिच्यातून एक वायर बाहेर लोंबत होती. बाकीच्या वायरी ओढून तुटलेल्या, टोकाला पिंजारलेल्या होत्या. हिचं टोक सरळ आणि नीट होतं.

"अपघाताआधी मशीन बंद का केलं होतं?" त्यांनी उठत विचारलं.

मिस्त्री म्हणाला, जावईबापू मुलीला शाळेत सोडायला गेले होते. तेवढ्यात इंजिनियरसाहेबांनी तिसऱ्या टाकीला नळी लावली. सगळ्यात घाण गाळ त्या टाकीत, आणि मशीन पारखायचं तर घाणीवरच पारखायचं, असं त्यांचं म्हणणं. त्या टाकीची झडप अडकलीय असं कारखान्यात सगळे म्हणत, पण साहेबांनी वंगण लावलं तर ती एका हाताने उघडली. टाकी उंचावर, त्यामुळे पंपाचीही गरज पडली नाही. मशीन छान चाललं. जावईबापू परत येऊन उभे राहिले आणि थोड्याच वेळात आतून कर्रकन आवाज आला. साहेबांनी लगेच बंद केलं.

"गाळाच्या तोंडातून एक स्क्रू पडला होता. बोटाच्या पेराएवढा. साहेब म्हणाले, तुझ्या मशीनचा सुटला. मी म्हटलं, साहेब, माझ्या मशीनचा नाही. तसला स्क्रू मी कुठल्याच मशीनला बघितला नाही."

"का? कसा होता?"

"पांढरं पोलाद, गंज नाही कुठे. माथ्याला सहा कोनी खळगा. पण आटे असे रुंद आणि खोल की लोखंडात ते धरायचेच नाहीत. लाकडात धरतील म्हणावं, तर टोक बोथट. साहेब सगळ्यांना दाखवत होते. जावईबापूंनीही हातात घेऊन बघितला. म्हणाले, टाकीच्या झाकणाचा असेल."

"आता कुठे आहे तो?"

"साहेबांनी शर्टाच्या खिशात टाकला होता. त्यांचं सामान घरच्यांना दिलं तेव्हा मी होतो. त्यात नव्हता."

नंतरचं त्याने पाहिलं नव्हतं. तो जेवायला गेला होता. जावईबापूंनी मशीन धुवून ठेवतो म्हणून सांगितलं, आणि साहेब म्हणाले, सुरू करून एकदा ऐकून बघतो. त्यांची ती पद्धतच होती. लोखंडी सळईचं एक टोक बेअरिंगवर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं आणि डोळे मिटून मशीनचं पोट ऐकायचं.

"म्हणजे सुरू होताना ते मशीनला चिकटून उभे असणार, हे सगळ्यांना माहीत होतं," वहिनी म्हणाल्या.

मिस्त्रीने मान हलवली.

*

उभ्या मशीनचा विक्रेता ऑफिसात भेटला. गोल चेहऱ्याचा, बोलका माणूस. आपल्यावर संशय आहे हे त्याने स्वतःच सांगितलं, आणि थोरल्या मालकांबरोबर इथेच बसलो होतो तेव्हा आवाज आला, हेही सांगितलं. त्याच्या मशीनच्या पोटात एकावर एक टोप्यांसारख्या शंकूच्या आकाराच्या तबकड्या असतात. दोन तबकड्यांमधली फट नखाएवढी. तेल त्या फटींतून वर चढतं, बारीकसारीक कणही खाली राहतो, तेल काचेसारखं निघतं.

"मग इंजिनियर तुमचं का घेत नव्हते?"

"कारण ते शहाणे होते," विक्रेता म्हणाला. "बाई, मी विकून पोट भरतो, थोडं खोटं बोलायची मला सवय आहे. पण यांच्या तेलात गाळ एवढा की माझ्या तबकड्या तासाभरात तुंबतील. मी पहिल्याच दिवशी सांगून मोकळा झालो. निघणार होतो, तर जावईबापूंनी अडवलं. म्हणाले, आम्ही आधी टाक्यांत निवळून घेऊ, वरवरचं तेवढं तुमच्या मशीनला देऊ. इंजिनियर नाही म्हणाले की हे पुन्हा तेच. मला जन्मात असं गिऱ्हाईक भेटलं नव्हतं. मी नको म्हणतोय आणि ते घ्यायच्या मागे."

हे थोरले मालक म्हणजे आत्याबाईंचा मोठा मुलगा. तो शेजारच्या टेबलाशी बसून ऐकत होता. तोंडात चव नसल्यासारखा चेहरा. त्याला कारखानाच विकून टाकायचा होता. आई ऐकत नव्हती, कारण धाकटा परत आला तर त्याला काय दाखवायचं.

"मला विचाराल तर मशीन मोडलं ते बरंच झालं," तो म्हणाला. मग स्वतःच दचकला. "म्हणजे, साहेब गेले ते नाही. साहेब चांगला माणूस. आडवं मशीन घेतलं की टाक्या तळापासून उपसून भंगारात घालायच्या, तिथे मोकळी जागा करायची, असा त्यांचा बेत होता. मेव्हणे त्यावरून त्यांच्याशी भांडले. मी कशातच नव्हतो. मला कुणी विचारत नाही."

"तिसऱ्या टाकीची झडप अडकलीय हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मेव्हण्यांनी. टाक्या पहिल्यापासून त्यांच्याकडेच."

भाऊजींनी मनातल्या मनात थोरल्याच्या नावापुढे खूण केली. कारखाना विकायचा आहे, मशीन मोडल्याचा आनंद आहे, आणि कपाळावर घाम आहे. मग त्यांच्या लक्षात आलं की घाम आपल्याही कपाळावर आहे.

*

जावई टाक्यांपाशी भेटला. सडपातळ, नीटनेटका, मऊ आवाजाचा माणूस. भाऊजींना बसायला त्याने स्वतःच्या रुमालाने पुसून स्टूल दिलं. मागचं सगळं त्याने न अडखळता सांगितलं. ऑफिसातून फोन आला म्हणून गेलो, परत आलो, धुवायचं राहिलंय हे डोक्यातून पार निघून गेलं. साहेब सळई लावून उभे होते. त्यांनी खूण केली आणि मी बटण दाबलं.

"कुठलं बटण?"

"मशीनशेजारच्या खांबावरचं."

"तुम्हाला फार लागलं का?"

"देवाची कृपा. ओरखडाही नाही." त्याने खाली पाहिलं. "मला लागायला हवं होतं. माझ्याच हातून झालं. जी काय शिक्षा होईल ती भोगेन. फक्त आईंना सांभाळा, त्या मनाला लावून घेतात."

 भाऊजी स्टुलावरून उठले आणि त्यांनी, कधी नव्हे ते, एका परक्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा लाकडासारखा कडक होता.

निघताना वहिनी कुलूपबंद स्विचघरात दाराच्या जाळीतून डोकावल्या. मशीनच्या छपराला लागूनच विटांच्या भिंतीपलीकडे ती खोली होती. भिंतीला हातभर काचेची खिडकी, तिच्यातून मोडलेलं मशीन दिसत होतं. आडव्या मशीनची पेटी नवीन होती. तिच्यावर एक मूठ, आणि मुठीच्या दोन बाजूंना मिस्त्रीने रंगाने लिहिलेलं: एकीकडे 'मशीनजवळून', दुसरीकडे 'इथून'. मूठ 'इथून'कडे वळलेली होती.

मिस्त्रीला विचारलं तर तो म्हणाला, ज्या बाजूला मूठ, तिथलंच बटण चालतं. दुसरं मेलेलं. चाचणीत आम्ही नेहमी 'मशीनजवळून' ठेवतो. मी जेवायला गेलो तेव्हा तसंच होतं. अपघातानंतर पोलिसांनी फाटकापासचा मोठा खटका पाडला आणि या खोलीला कुलूप लावलं.

*

परतीच्या वाटेवर भाऊजींनी आपला निकाल सांगितला. थोरला. वहिनी चालत राहिल्या. मग विक्रेता. तेव्हाही. भाऊजींनी दोन्ही मशीनांची माहितीपत्रकं पहिल्या पानापासून छापखान्याच्या नावापर्यंत वाचली होती, आणि त्यांची एक शंका होती. ती इतकी बाळबोध होती की बोलायला लाज वाटत होती.

"वहिनी, मला एक कळत नाही. टाक्यांत तेल निवळायला वेळ जातो म्हणून मशीन घ्यायचं ना? मग मशीन घेऊन टाक्याही ठेवायच्या असतील, तर मशीन कशाला?"

वहिनी रस्त्यातच थांबल्या. मागून येणारा सायकलवाला घंटी वाजवत वळसा घालून गेला.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "तुम्ही आज माझ्या आधी पोचलात. आणि तुम्हाला ते ठाऊकही नाही."

त्यांच्या आवाजात आनंद नव्हता. चष्मा काढून त्यांनी काडीच्या बारक्या स्क्रूवरून नख फिरवलं. "आत्याबाईंना मी विचारलं होतं, निम्म्यावर थांबा म्हणणार नाही ना. आता वाटतं, त्यांनी म्हणावं."

*

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना सगळे टाक्यांपाशी जमले होते. आत्याबाईंसाठी आतून खुर्ची आणली होती. थोरला, जावई, विक्रेता, मिस्त्री. भाऊजी मुद्दामच मागे उभे होते. वहिनींनी बोलावलेले पोलीस अधिकारी दोन शिपायांसह शिडीजवळ होते. तिसऱ्या टाकीच्या झडपेला पुन्हा नळी लावली होती, आणि तिचं दुसरं टोक खालच्या मोकळ्या हौदात सोडलं होतं.

"टाकी रिकामी करायला तुमची परवानगी हवी," वहिनी आत्याबाईंना म्हणाल्या.

"आई, तिची झडप धड नाही," जावई म्हणाला. "तेल सगळं आवारात पसरेल."

"करा," आत्याबाई म्हणाल्या.

मिस्त्रीने एका हाताने चक्र फिरवलं. नळी फुगली आणि हौदात काळ्या तेलाची धार पडू लागली. टाकीच्या अंगावर उभी पट्टी होती. आतल्या तरंगत्या डब्याला दोरी, दोरीला बाहेर वजन आणि वजनाला काटा. तेल उतरेल तसा काटा वर चढतो. भाऊजींची नजर त्या काट्याला चिकटली.

"अपघात नव्हता," वहिनी म्हणाल्या. "मशीन न धुता ठेवलं, हे खरं. पण थरथर वाढली की मशीन बंद करणारी जी डबी आहे, तिची वायर स्क्रू सैल करून काढलेली आहे. अपघातात तुटलेली वायर पिंजारते, हिचं टोक सरळ आहे. सकाळी ती डबी चालत होती. विसरणारा माणूस धुवायचं विसरेल. वायर काढायला विसरून चालत नाही, आठवणीने काढावी लागते."

"कुणीही काढली असेल," थोरला म्हणाला.

"काढली असेल. म्हणून मी पुढे पाहिलं. सुरू कुणी केलं? जावईबापू म्हणतात, मशीनशेजारचं बटण मी दाबलं. ते बटण ज्या खांबावर होतं तो आवरणाखाली चिरडलाय. तिथे हात ठेवलेला माणूस आज दिसला नसता. यांना ओरखडा नाही. आणि स्विचघरातली मूठ 'इथून'वर आहे. मूठ तशी असताना खांबावरचं बटण मेलेलं असतं. म्हणजे मशीन विटांच्या भिंतीआडून, खिडकीतून बघत सुरू केलं. साहेबांनी सळईला कान लावल्याचं बघून."

 काटा वर चढत होता.

"आता प्रश्न उरतो, कशासाठी. मला वाटलं होतं मशीनच्या खरेदीसाठी. ते तसंच निघालं, पण वेगळ्या अर्थाने. मशीन कुठलं घ्यायचं ते तेलाला विचारायचं असतं. या तेलाचं उत्तर सरळ होतं: गाळ फार, आडवं घ्या. विकणारासुद्धा म्हणत होता माझं घेऊ नका. एकच माणूस उभ्या मशीनसाठी हटून बसला. उभ्यात काय आहे जे आडव्यात नाही? भाऊजींनी विचारलं आणि मला दिसलं. उभ्याला निवळलेलं तेल लागतं. उभं घेतलं की टाक्या जागेवर राहतात. आडवं घेतलं की टाक्या तळापासून उपसाव्या लागतात. या माणसाला मशीन नकोच होतं. त्याला तळ झाकलेला हवा होता."

"तळाशी गाळच असतो," जावई म्हणाला. आवाज अजून मऊच होता.

"गाळ, आणि एक स्क्रू. तुम्ही म्हणालात तो झाकणाचा. झाकणाला स्क्रू नाहीच, कडी आहे. मिस्त्री म्हणाला, त्याचे आटे लोखंडात धरणार नाहीत आणि लाकडासाठी टोक हवं. मग न गंजणारा, बोथट टोकाचा, रुंद खोल आट्यांचा स्क्रू कशासाठी बनवतात? लोखंडाहून मऊ आणि लाकडाहून वेगळ्या वस्तूत बसवण्यासाठी. साहेबांनी तो सगळ्यांना दाखवला. ते खिशात घेऊन फिरत राहिले असते, आणि कधीतरी एखाद्या हाडांच्या डॉक्टरला दाखवला असता. तुम्ही हातात घेतलात तेव्हाच तुम्हाला कळलं. धुतो म्हणालात आणि धुतलं नाहीत. नंतर त्यांच्या खिशातून तो काढून घ्यायला तुम्ही विसरला नाहीत. तुम्ही विसरणारे नाहीच. तुमच्या सासूबाईंनी मला हे पहिल्याच भेटीत सांगितलं होतं."

आत्याबाईंची मान हळूहळू टाकीकडे वळली. भाऊजींना वाटलं, पुढे होऊन वहिनींना गप्प करावं. त्यांचे पाय उचलले नाहीत.

"स्टेशनवर त्याला कुणी सोडलं, आत्याबाई?" वहिनींनी अगदी हळू विचारलं.

 नळीतली धार बारीक झाली, खोकल्यासारखी दोनदा अडखळली आणि थांबली. काटा पट्टीच्या टोकाला पोचला होता. पोलीस अधिकारी विजेरी घेऊन शिडी चढले. कडी निघाल्याचा आवाज आला. ते बराच वेळ आत बघत राहिले. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

जावयाने पळायचा प्रयत्न केला नाही. त्याने खिशातून रुमाल काढला, हात पुसले, परत पुसले.

"वर काठाशी उभे होतो आम्ही," तो म्हणाला. "तो म्हणाला, जुनं कुजकं तेल तू चांगल्यात मिसळतोस, आज आईला सांगतो. मी नुसतं ढकललं. त्याचा पाय अधू, त्याला सावरता आलं नाही."

"मग?" आत्याबाई म्हणाल्या.

"मग काही नाही."

"मग काय केलंस?"

तो सासूकडे बघू शकला नाही. "झाकण लावलं," तो म्हणाला.

*

त्याला घेऊन गाडी गेली तेव्हा उन्हं उतरली होती. शाळेतून आलेली नात फाटकाशी उभी राहून गाडीकडे बघत होती. आत्याबाईंची लेक घरातून तिला हाका मारत होती. तिला अजून काहीच ठाऊक नव्हतं.

"लेकीला मी सांगते," आत्याबाई म्हणाल्या. "तुम्ही कुणी सांगू नका."

वहिनींनी त्यांना जिना चढायला हात दिला. भाऊजी मागोमाग गेले, कुठे जावं हे न कळल्यामुळे. वरच्या गॅलरीत त्या आपल्या नेहमीच्या खुर्चीपाशी थांबल्या. तिथून फाटक दिसत होतं आणि फाटकापलीकडचा स्टेशनकडे जाणारा रस्ता.

"इतकी वर्षं मी इथे बसले, बाई," त्या म्हणाल्या. "या बाजूला तोंड करून. पाठ त्याच्याकडे होती."

वहिनी खुर्चीपासून बाजूला झाल्या.

भाऊजी पुढे झाले. त्यांनी खुर्ची उचलली, घराला वळसा घालून मागे गेलेल्या गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला नेली आणि टाक्यांच्या बाजूला तोंड करून ठेवली. ती थोडी डुगडुगत होती. त्यांनी खिशातला कागद दुमडून तिच्या एका पायाखाली सरकवला, हाताने दाबून पाहिलं आणि बाजूला झाले.

आत्याबाई बसल्या. तिसऱ्या टाकीचं झाकण उघडंच होतं.